मिनेझिस मास्तरांचा ‘अ’

काल एक वृद्ध गृहस्थ बोटाने अक्षरं जुळवत मराठी वाचताना दिसले आणि गोव्यातले मिनेझिस मास्तर आठवले.

पोर्तुगीज राजवटीचे ते उघड समर्थक होते. ती गेली, त्यांची पोर्तुगीज शाळा बंद पडली, गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. तेव्हा एका सकाळी ते आमच्या दारात आले. माझे वडील त्याच राजवटीत तुरुंग भोगून आलेले.

“मला मराठी शिकवाल?”

“तुम्ही लिस्बनला नाही गेलात?”

“सरकार माझं होतं, ते गेलं. गावही माझंच आहे ना?”

वडिलांनी माझी पाटी मास्तरांपुढे सरकवली. पन्नाशीचा तो माणूस माझ्याशेजारी मांडी घालून ‘अ’ गिरवू लागला. जुनी निष्ठा त्यांनी कधी नाकारली नाही. हरल्यावरही इतकं ताठ आणि इतकं नम्र राहता येतं, हे मी तेव्हाच पाहिलं.