मावशींची खायची तुळस

नाशिक रोडला भिंतीवर पत्रकं चिकटवत होतो, कोपरापर्यंत खळ लागलेली. ओळखीचा टांगेवाला थांबला नि म्हणाला, "तुमच्या यमुनामावशी पहाटे गेल्या." खळ तशीच हातावर वाळली... त्याला आता महिना झाला.

यमुनामावशी आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. विधवा, एकट्या, चार घरचा स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या. दारात रॉकेलचे तीन डबे, त्यांत लिंबाच्या वासाची तुळस. लुगडी विकायला येणाऱ्या मालेगावच्या अमीनाबींनी तिचं बी पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. ही पूजेची नव्हे, खायची. शेंगदाणे-मिरची पाट्यावर वाटून झाली की पाला अगदी शेवटी घालायचा, म्हणजे वास उडत नाही. तुरा दिसला की मावशी दोन बोटांनी खुडायच्या, पानं येत राहावीत म्हणून. बियांसाठी एकच झाड राखायचं, त्याला लाल दोरा.

समोरच्या गोदूताई रोज दुपारी त्यांना सुईत दोरा ओवून द्यायला यायच्या. चटणीला मात्र शिवायच्या नाहीत.

"तुळस चावता, यमुनाबाई? नरकात जाल!"

"तिथलं जेवण अळणी असणार. चटणी घेऊनच जाते."

दोघी हसायच्या. माझं मात्र डोकं फिरलं. विधवेच्या ताटात डोकावणारा हा कसला धर्म? पत्रक काढलं, गोदूताईंचं नाव घालून, आणि गल्लीच्या तोंडाशी डकवलं. त्यातला शब्द न शब्द खरा होता, असं मला आजही वाटतं. गोदूताई यायच्या बंद झाल्या.

मावशी रागावल्या नाहीत. "खरं लिहिलंस रे. पण दुपारी माझ्याशी बोलायला तुझं पत्रक येणार आहे का? जा, माफी माग."

खरं बोलणाऱ्याने माफी कशाला मागायची? नाही गेलो. मावशी उसवलेलं लुगडं मांडीवर घेऊन समोरच्या दाराकडे बघत बसायच्या... मग ताप आला.

महिनाभर गावोगाव पत्रकं लावत हिंडलो; परवा परत आल्यावर त्यांच्या खोलीकडे गेलो. वाटलं, डब्यांत काड्या उरल्या असतील. झाडं हिरवीगार! तुरे खुडलेले. एकाच झाडाचे राखलेले, त्याला नवा लाल दोरा.

मागे गोदूताई, हातात तांब्या.

"ताई, चुकलो."

त्यांनी झाडांना पाणी घातलं, एक पान खुडलं, इकडेतिकडे पाहिलं नि तोंडात टाकलं. बराच वेळ चावत राहिल्या.

"किती वेळा वाटी पुढं केली होती तिनं..." डोळे पुसत म्हणाल्या. "आता यावर पत्रक काढू नकोस."

काढलं नाही. हे लिहितोय तेही त्यांना विचारूनच. त्यांची अट एकच : बी धरलं की पहिली पुडी मालेगावला, अमीनाबींना.