भुऱ्याचं नवं घर

काल बाजारात भाजीवाल्यानं मुळ्याचा पाला तोडला आणि त्या उग्र वासानं मला बोरीवलीतलं एक घर आठवलं.

बायको गेल्यावर तिचा ससा, भुऱ्या, काही खाईना. मी दिवसभर कामावर, तो मुलुंडच्या बंद घरात एकटा. बोरीवलीच्या एका बाईंकडे चिमी नावाची सशाची मादी होती, म्हणून त्याला तिकडे नेलं.

चिमीनं त्याला हुंगलं, त्याचे कान चाटले. मग दोघं मुळ्याच्या एकाच पानाला दोन्हीकडून कुरतडू लागले. कितीतरी दिवसांनी तो खात होता.

"एकट्याला नाही हो करमत," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही येत जा ना अधूनमधून."

घरी येऊन कुलूप काढलं. आत कसलीच खुडबुड नव्हती.

बाई सशाबद्दल बोलल्या, असंच तेव्हा वाटलं होतं. आता आठवतं, बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या.