आइंडहोव्हन की रॉटरडॅम

आइंडहोव्हनला येऊन चार वर्षं झाली आणि आमच्या घरात एकच वाद सुरू झाला: घर घ्यायचं तर कुठल्या शहरात? चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कंपनीत मी टेस्टिंगला होते. ऑफिस सायकलने पंधरा मिनिटांवर. नवरा रॉटरडॅमला कामाला. बंदरात कुठला कंटेनर कुठे आहे याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांची टीम लिहायची. आठवड्यातले तीन दिवस तो ट्रेनने जाऊन-येऊन करायचा आणि घरी आला की त्याचं सुरू व्हायचं.

"रॉटरडॅमला बंदर आहे. कधीपासून जहाजं येतायत, पुढेही येतील. तुझ्या गावात एकच धंदा. तो बसला की गाव बसलं."

"आणि तुझ्या बंदरात नवीन काय होतंय?" मी म्हणायची. "इथे स्टेशनमागे जाऊन बघ एकदा. क्रेनच क्रेन."

आइंडहोव्हनला तो मुद्दाम 'गाव' म्हणायचा. त्याचे ऑफिसातले लोकही तसंच म्हणत. इथली, देशाच्या दक्षिणेकडची माणसं डचमधला 'ग' मऊ उच्चारतात, त्याची नक्कल करून हसत. मला ते उगाचच लागायचं. मी पिंपरीत वाढले, वडील कारखान्यात होते, आणि सदाशिव पेठेतले आमचे नातेवाईक पिंपरीचं नाव याच सुरात घ्यायचे. त्यामुळे मी आइंडहोव्हनची बाजू घ्यायची, ती थोडी त्या जुन्या रागानेही.

शेजारी एक एकटे आजोबा राहायचे. आमची मुलगी त्यांना ओपा म्हणायची, डचमध्ये आजोबांना म्हणतात तसं, म्हणून आम्हीही ओपाच म्हणू लागलो. त्यांची उमेदीची वर्षं या शहरातल्या टीव्हीच्या काचेच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात गेली होती. मग काम दुसऱ्या देशांत गेलं आणि कारखाना बंद पडला.

"तेव्हा कसं कळलं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"गल्लीत सकाळी दहा वाजता पुरुष दिसायला लागले," ते म्हणाले. "कुणी कुंपण रंगवतोय, कुणी सायकल धुतोय. एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली सगळी कुंपणं रंगवून झाली."

नंतर त्यांनी निवृत्त होईपर्यंत बेकरीची गाडी चालवली. त्याबद्दल तक्रार नव्हती, पण कारखान्याबद्दल बोलताना ते अजूनही 'आम्ही' म्हणायचे.

गेल्या वर्षी खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आमच्या भागात नवे टॉवर बांधण्याबद्दल रहिवाशांची सभा बोलावली. ओपा म्हणाले, "चल, तुझं डचही सुधारेल." शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. एका तरुण अधिकाऱ्याने पडद्यावर नोकऱ्यांच्या वाढीचे आलेख दाखवले: अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, उट्रेख्त आणि आपण. आपली रेघ सगळ्यांत उभी वर जात होती. मला मनातून बरं वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं मी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई उठली. साठीच्या आसपासची, निळा कोट घातलेली. "माझी मुलगी नर्स आहे," ती म्हणाली. "एकतीस वर्षांची. माझ्या घरी वरच्या खोलीत राहते, कारण तिला परवडेल असं घर या शहरात नाही. टॉवर बांधाल, त्यात पुन्हा बाहेरून आलेले इंजिनिअरच राहतील."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, पण हॉलमध्ये तशी दिसणारी मी एकटीच होते. ओपांनी मला कोपराने ढोसलं. "बोल की."

मी उभी राहिले. पाठ केलेलं सगळं डच विसरले. "मी बाहेरून आलेली इंजिनिअर आहे," एवढं म्हणाले. "मीही घर शोधतेय. मलाही मिळत नाहीये." लोक हसले. निळ्या कोटवाली हसली नाही. मी खाली बसले.

मग ओपांनी हात वर केला. "पूर्वी हे शहर एका कंपनीवर उभं होतं. आता कशावर आहे?"

अधिकारी म्हणाला, "आता तसं नाही. शेकडो छोट्या-मोठ्या कंपन्या आहेत."

"चांगलं आहे. त्या शेकडो कंपन्यांची गिऱ्हाइकं किती?"

अधिकाऱ्याने क्षणभर आलेखाकडे पाहिलं. "हा प्रश्न आम्हालाही पडतो," तो म्हणाला. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, पण त्याच्या आलेखाबद्दल मी घरी काही सांगितलं नाही.

पुढच्या थंडीत आमच्याकडे ऑर्डरी कमी झाल्या. आधी ओव्हरटाइम थांबला, मग एजन्सीकडून घेतलेली माणसं गेली, आणि एका मंगळवारी मॅनेजरने मला खोलीत बोलावून कॉफी पुढे ठेवली. मी यायच्या आधीच ती ओतलेली होती, त्यावरूनच मी समजले. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहणार नव्हतं. नवऱ्याच्या परवान्यावर मला इथे राहता येणार होतं, त्यामुळे देश सोडायची वेळ नव्हती. पण आता रॉटरडॅमला न जायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं.

नवऱ्याने 'मी म्हणत नव्हतो का' असं म्हटलं नाही. त्याने पोहे केले, थोडे कोरडेच झाले होते. मुलीने डचमध्ये विचारलं, "म्हणजे आता आई मला शाळेतून घ्यायला येणार?" मी मराठीत हो म्हटलं. ती खूश झाली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यानंतरचे दोन महिने मी अर्ज करत होते, रॉटरडॅमलाही करत होते. एका सकाळी मी खिडक्या पुसत असताना ओपा कुंपणापाशी आले. "पुसून झाल्या की तुझा बायोडेटा, सर्टिफिकेटं, जे काय असेल ते दे," म्हणाले. "त्या सभेतल्या बाईला द्यायचंय. ती शेजारच्या हेल्मोंडला एका कंपनीत ऑफिस सांभाळते. हॉस्पिटलांची उपकरणं बनवतात. त्यांना टेस्टिंगचं माणूस हवंय."

"ती मला कशाला मदत करेल?"

"तिला मी विचारलं नाही. बाजारात भेटली, तेव्हा तिनेच विचारलं, 'ती घर शोधणारी कुठेय?'"

मुलाखतीच्या दिवशी दारात तीच उभी होती, आज कोट नव्हता. हात पुढे करून म्हणाली, "तू चुकीचं डच बोललीस, पण खरं बोललीस." मग मला आतल्या खोलीपर्यंत सोडून निघून गेली. नोकरी मिळाली, एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. काम ओळखीचं होतं. फरक इतकाच की आमचा माल पाच-सहा देशांतल्या हॉस्पिटलांत जातो, आणि चिपचा धंदा मंदावला तरी लोक आजारी पडतातच.

डबा खाताना आम्ही दोघी आता एका टेबलावर बसतो. ती ब्रेड-चीज, मी पोळीभाजी. या वसंतात तिच्या मुलीला उत्तरेकडच्या एका लहान गावात घर मिळालं आणि ती तिथल्या हॉस्पिटलात रुजू झाली. बाईने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. "चांगलं झालं तिचं," म्हणाली. "इथल्या वॉर्डला मात्र माणूस मिळेना." माझी एक पोळी मी तिच्यापुढे सरकवली, तिने ती चीज लावून खाल्ली.

आम्ही घर घेतलेलं नाही. आहे त्याच भाड्याच्या घराचा करार वाढवला. नवऱ्याला आता दोन दिवस घरून काम करता येतं, त्यामुळे त्याची कुरकुर कमी झाली आहे, संपली नाही.

परवा नाशिकच्या एका मुलीचा फोन आला. ओळखीतून नंबर मिळालेला. तिला अ‍ॅमस्टरडॅमची आणि आइंडहोव्हनची, अशा दोन्ही ऑफर होत्या. "ताई, पुढच्या दहा वर्षांचा विचार केला तर कुठलं शहर बरं?"

मी म्हटलं, "दहा वर्षांचं मला नाही सांगता येणार. इथे काम भरपूर आहे, माणसं बरी आहेत. पण आधी घर मिळतंय का बघ, आणि कंपनीला विचार की त्यांचा माल कोण कोण घेतं."

"असं विचारलेलं चालतं?"

"विचार," मी म्हटलं. "आणि उत्तर द्यायला किती वेळ लावतात, तेही बघ."