सगुणाबाईची पाचर

दुसऱ्याची प्रार्थना मधीच "आमेन" म्हनून संपवायची, ही सगुणाबाईची खोड. सांगलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात ती बायकांच्या वार्डात आया व्हती. पाळकसाहेब सकाळी खाटांच्या मधी उभं ऱ्हायचं, डोळं मिटायचं, आन आभाळापासनं सुरू करायचं. डोंगर झालं, नद्या झाल्या, समुद्रापाशी आलं की सगुणाबाई खनखनीत आवाजात म्हनायची, "आमेन!" मागनं समद्या बायका, "आमेन." साहेब डोळं उघडून बघत्यात तर ही वार्डाच्या पल्याड.

"समुद्र कुठं हाय ते देवाला ठावं हाय," ती म्हनायची. "खाटंखालचं भांडं भरलंय, ते बघायला आपुन नगं व्हय?"

मी तिथं आले लढाईच्या दिवसांत. मालक पलटनीत गेलं, तिकडं ब्रह्मदेशाच्या बाजूला मेलं. मागनं तान्ही पोर तापानं गेली. सासर वडूजकडचं. आमी ख्रिस्ती, तीबी ख्रिस्ती, पन सुनंला पांढऱ्या पायाची म्हनायला धरम आडवा येत न्हाई. हाकललं मला. मिशननं आवारात पडवी दिली, खायाला दिलं. पन घास घशाखाली उतरंना.

पाळकसाहेबास्नी इचारलं, "देवानं दोघास्नी नेलं, मला कशाला ठिवलं?"

मानूस लय शिकल्याला. मान हलवून म्हनला, "बाई, प्रत्येकाला देवाचं पाचारण असतं. शांत राहा, वाट पाहा. कळेल." आन छत्री उघडून निघून गेला. शिकल्याल्या मानसाचं बरं असतंय, एक शबुद टाकला की मोकळा.

पाचारण म्हंजी देवाचं बोलावनं, हे मला मागनं कळलं. तवा माझ्या खेडवळ कानाला 'पाचर' ऐकू आलं. देवाची पाचर! म्हनलं, आसंल काय तरी. लिंबाखाली जाऊन बसले वाट बघत. जेवान सुटलं, बोलनं सुटलं. जाता-येता बायका म्हनायच्या, "काय तपाला बसलीया बया!"

एका सकाळी सगुणाबाई बादली घेऊन म्होरं उभी. "कुनाची वाट बघतीयास गं?"

"देवाच्या पाचरंची. साहेब म्हनलं, परत्येकाला असती."

ती अशी हसली, अशी हसली की बादलीतलं पानी लुगड्यावर सांडलं.

"आगं येडे, पाचर कुऱ्हाडीला मारत्यात! दांडा ढिला पडला म्हंजी." मग हसू गिळून म्हनली, "तसं बघाय गेलं तर तूबी ढिली पडलीयास. पन लिंबाखाली बसून पाचर शिरती व्हय? वरनं घाव बसाय लागत्यात. ऊठ."

"मला मरू द्या, बाई."

"मर की! कोन आडवतंय? पन दुपारपातुर दम धर. कोपऱ्यातल्या खाटंवर जतची म्हातारी हाय, समदं अंगाखाली झालंय. माझी कंबार धरलीया. तिला उलटायला दुसरं मानूस पायजे. ती उलटली की मर निवांत."

गेले. म्हातारी निस्ती हाडं, पाठीला जखमा. मी खांद्याला धरलं तशी कानडीत खेकसली.

"शिव्या देतीया व्हय?" मी इचारलं.

"तर! हात गार हाय म्हनतीया तुझा. चोळून गरम कर. का मरायचं म्हनून हातबी आधीच मारून ठिवलंस?"

हात चोळलं. म्हातारी धुतली, पुसली, कोरड्यावर निजवली. दुपारी सगुणाबाईनं म्होरं भाकरी टाकली आन मी खाल्ली. मरायचं काय, तिनं उद्याचीबी कामं सांगून ठिवली व्हती.

नव्या शिकाऊ पोरी पांढऱ्या कापडांत यायच्या, सेवा-सेवा करायच्या. त्यास्नी ती म्हनायची, "येशूनं शिष्यांचं पाय धुतलं, व्हय ना? लोक लय कवतिकानं सांगत्यात. पन ते घान पानी कुनी टाकलं? ते कुनी लिवलं न्हाई. तेवढं आपल्याला ऱ्हायलंय. धर बादली."

मी एकदा इचारलं, "बाई, तुमास्नी कटाळा न्हाई येत?"

"येतो की. कटाळू नगं आसं देव कवा म्हनला?"

पटकीची साथ आली. गाड्या भरून मानसं यायची, जमिनीवर निजवायची. त्यातच सगुणाबाई पडली. डोळं खोल गेलं, आवाज बसला, तरी मला बघून म्हनली, "हितं काय बसलीयास? मी काय उभं पीक हाय राखन करायला? जा तिकडं." मी गेले. मागारी आले तवा ती संपली व्हती.

मातीला समदं मिशन गेलं. पाळकसाहेब लय बोललं म्हनं, बायका लय रडल्या म्हनं. मी गेले न्हाई. "दगडाची हाय ही," लोक म्हनलं. म्हनू द्या. बोलनाऱ्याला कुठं काय उचलाय लागतंय?

तिकडं घंटा वाजत व्हती, हिकडं गाडीतनं एक कवळी सून उतरवली. घरची मानसं तिला दारात टाकून मागच्या मागं गेली व्हती. ओकून ओकून व्हट पांढरं पडल्यालं. माझा पदर धरून म्हनली, "मावशी, मी जगनार का वं?"

मला काय ठावं? मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आन म्हनलं, "आधी ह्ये पानी पी."