योनाला हाक मारा

डेन्मार्कमधल्या वार्दे गावातल्या एका बस-सहलींच्या कचेरीत योना क्रोग्सगोर हिला पगारवाढीपेक्षा एक गोष्ट जास्त गोड लागायची. कोणीतरी खुर्चीत मागे रेलून, वैतागून हाक मारायचं, "योना, ये ना जरा!"

कामच तसं होतं. एक सहल ठरवायची म्हणजे जहाजाच्या वेळा, जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरातली हॉटेलं, ड्रायव्हरच्या विश्रांतीचे नियम, हवामान, सगळं एकाच वेळी उघडं हवं. ब्राउझरच्या माथ्यावर टॅबची इतकी दाटी व्हायची, की एकावरचं नाव धड वाचता येत नसे. योनाने सगळ्यांच्या मशीनवर आपली शिस्त लावली होती. नवा टॅब पार टोकाला न उघडता चालू टॅबच्या शेजारी उघडायचा. एक बंद केला की आधी जो बघत होतो त्याच्यावर परत यायचं, भलत्याच शेजाऱ्याकडे नाही. जहाजाच्या वेळांचा टॅब डावीकडे कायमचा खिळलेला. हे सारं तिने रिकाम्या वेळात, स्वतःच्या डोक्याने शोधलं होतं आणि त्याचा तिला भारी तोरा होता. मालक प्रेबेनसुद्धा तिला विचारल्याशिवाय सेटिंगला हात लावत नसे.

मग माल्टे आला. वय सत्तावीस, दाढी विरळ, स्वभाव इतका चांगला की राग धरायलाही जागा नाही. पहिल्या आठवड्यात तो योनाच्या खुर्चीमागे उभा राहून सगळं शिकला. आणि महिन्याभरात त्याने आपले टॅब माथ्यावरून काढून डाव्या कडेला उभे लावले. शिवाय त्यांचे रंगीत गट केले. हार्झचा हिरवा, नॉर्वेचा निळा. गटाच्या नावावर टिचकी मारली की अख्खी सहल मिटून एका ओळीत बसायची.

"अगं बाई, नावं पूर्ण वाचता येतात!" शेजारच्या टेबलावरची विबेके ओरडली. "माल्टे, मला पण करून दे ना."

"सारखं बाजूला बघून मान वाकडी होईल," योना म्हणाली.

"होऊ दे गं. आता डोळे वाकडे होतायत, त्यापेक्षा बरं."

विबेकेनंतर प्रेबेननेही टॅब उभे करून घेतले. चार दिवसांत आडवे टॅब एकट्या योनाचे उरले. "योना, ये ना" हे शब्दच कचेरीतून गेले. आता सगळीकडून "माल्टे, एक मिनिट!" ऐकू यायचं. खोटं कशाला बोला, ती जळत होती. दुपारी काळ्या राय-ब्रेडवरचा हेरिंग मासा खाताना माल्टे विबेकेला काही समजावत असला, की योनाचा घास तोंडातच फिरायचा. घरी गेल्यावर तिने दार लावून स्वतःच्या मशीनवर उभे टॅब लावून पाहिले. सोयीचे होते. त्याने तर ती आणखीच भडकली आणि पुन्हा आडवे करून मोकळी झाली.

या कचेरीत एक रिवाज होता. मशीनला पासवर्डचं कुलूप न लावता जो कोणी उठेल, त्याच्या मशीनवरून दुसऱ्याने सगळ्यांना निरोप धाडायचा: "उद्या केक माझ्याकडून!" मग त्याने मुकाट केक आणायचा. असे बेसावध लोक पकडण्यात योनाचा हातखंडा होता.

एका मंगळवारी माल्टे ड्रायव्हरला चाव्या द्यायला अंगणात पळाला आणि मशीन उघडंच राहिलं. विबेके फोनवर होती. योना हसत हसत त्याच्या खुर्चीत बसली, केकचा निरोप लिहायलाच. तो लिहिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण समोर ते रंगीत गट दिसले आणि तिचं डोकं फिरलं. हिरवा, निळा आणि सगळ्यांत खाली एक राखाडी, बिननावाचा, मिटलेला. तो तिने उघडला नाही. दुसऱ्याचं खाजगी बघायचं नाही, एवढी सभ्यता तिच्यात होती! ती सरळ सेटिंगमध्ये गेली. 'सुरू करताना मागचे टॅब परत उघडा' या ओळीसमोरची खूण तिने काढून टाकली. सकाळी येईल, कोरी खिडकी बघेल, भांबावेल आणि मग झक मारत म्हणेल, "योना, ये ना जरा." तिला एवढंच हवं होतं. केकचं ती विसरूनच गेली.

सकाळी माल्टेने मशीन लावलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. योना कॉफी ढवळत वाट बघत होती. पण त्याने हाक मारलीच नाही. जुनी पानं एकेक शोधून परत उघडत बसला.

"सगळं मिळालं का रे?" विबेकेने हळूच विचारलं.

त्याने योनाकडे चोरून पाहिलं आणि नुसती मान हलवली. नाही म्हणून. योनाला वाटलं, पोरगा मरेल पण माझी मदत घेणार नाही. एवढा माज! तिचा नुसता तिळपापड झाला.

शुक्रवारी योनाला नोकरीत पंचवीस वर्षं झाली. तिच्या टेबलावर रिवाजाप्रमाणे छोटा डॅनिश झेंडा उभा केला होता, ताजे पाव, चीज, कडू दारूचे इवलेसे पेले, आणि अंगणातून आलेले ड्रायव्हर. प्रेबेनचं भाषण झालं. आता गाणं. अशा दिवशी ज्याचा समारंभ त्याच्यावर रचलेलं गाणं हवंच, त्याचे कागद वाटायचे आणि ओळखीच्या चालीवर सगळ्यांनी म्हणायचं. पण कागद कोणी वाटेना. माल्टे कान लाल करून उभा राहिला.

"योना, गाणं लांबलचक होतं. तुझ्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना फोन करून आठवणी जमवल्या होत्या. एका टॅबमध्येच लिहीत गेलो. रोज सकाळी जसंच्या तसं परत यायचं, म्हणून वेगळं ठेवलंच नाही. तुला दिसू नये म्हणून राखाडी गटात लपवलं. मंगळवारी रात्री सगळं गेलं. हे एवढंच आठवतंय."

सगळ्यांनी पेले उचलले आणि ते दोन ओळींचं गाणं मोठ्याने म्हटलं:

"टॅब हरवला, वाट चुकली, सापडेना काही,
हाक मारा योनाला, दुसरा उपाय नाही!"

टाळ्या पडल्या. योनाला भर सभेत थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"अरे वेड्या, मग तिलाच का नाही बोलावलंस?" प्रेबेन म्हणाला.

"तिच्याच गाण्यासाठी तिला कसं बोलावू? गुपित फुटलं असतं ना! तोंडाशी आलेली हाक गिळली मी." माल्टे हसला. "आता मात्र बघ बाई. योना, ये ना जरा."

सगळे हातात पेले घेऊन त्याच्या मशीनभोवती जमले. योना बसली. इकडेतिकडे न शोधता तिचा हात थेट त्या ओळीवर गेला आणि तिने खूण परत लावली.

"बघा, बघा! पंचवीस वर्षं उगाच नाही झाली," विबेके कौतुकाने म्हणाली.

"पण ती खूण गेली कशी?" माल्टेने विचारलं. सगळे योनाच्या तोंडाकडे बघू लागले. किती दिवसांनी ते असे बघत होते. तिला ते अजूनही गोड लागलं आणि त्याचीच तिला शिसारी आली.

"मी काढली," ती म्हणाली. "मंगळवारी. तू अंगणात गेलास तेव्हा."

एकच हशा पिकला. "हिचं आपलं काहीतरीच!" म्हणत विबेकेने तिच्या पाठीत धपका घातला आणि मंडळी पावांकडे वळली.

माल्टे मात्र हसला नाही. तो तिच्या खांद्यावरून वाकला आणि दोन बटणं दाबून त्याने आपल्या मशीनला कुलूप लावलं.