बुटांचं माप

मी मस्कतला नर्स आहे आणि माझे मिस्टर दारव्ह्याजवळ शेती करतात. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना न सांगता चांगले बूट पाठवायचं मी ठरवलं. दुकानात उभ्या उभ्याच घरी नणंदेला फोन केला. आमच्याकडे पेपरवर पाय ठेवून पेन्सिलीनं आखला की माप झालं. ते झोपले की पाय आखून फोटो पाठव, असं तिला सांगितलं.

ती म्हणाली, "वयनी, कोणत्या पायाचं पाठवू?"

"कोणताही चालते. दोन्ही सारखेच तं असतात."

"आता नाहीत सारखे. शुगरनं डाव्या पायाची बोटं काढा लागली. तुमाले सांगू नको म्हने दादा. नाही तं नोकरी सोडून येईल म्हने."

रोज पाय तपासत जा, हे मी इथं दिवसभर परक्या पेशंटना सांगते.

त्यांना फोन लावला. "काय करून राह्यले?"

"काही नाही, वावरात चाललो. मस्त आहे मी."

"बरं," म्हटलं. बूट जागेवर ठेवले आणि रजा मागायला दवाखान्यात परत गेले.