मुद्दा क्रमांक सतरा

आमच्या कार्यालयात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. एकशे शहाऐंशी शाळांच्या मुख्याध्यापकांना रोज काही ना काही कळवत राहायचं, हे त्यांचं काम. म्हणून त्यांचं नाव पडलं दवंडी सर. कुणी पाडलं ते मला ठाऊक आहे, कारण मीच पाडलं. त्यांच्या टेबलाला टेबल लावून मी चार वर्षं बसले. मी आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा आणि मधे काय घडतं ते गप्प बसून बघायचं. गप्प बसणं मला जमत नाही, हा भाग वेगळा.

सर मूळचे गणिताचे शिक्षक. एकोणीस वर्षं त्यांनी आठवीला भूमिती शिकवली. मग राज्यभरातल्या शाळांसाठी एकच नवी संगणक प्रणाली आली. मुलांची नावं, हजेरी, गुण, शिक्षक, बाकं, पंखे, सगळं म्हणे एका जागी. तिचं सरकारी नाव सात शब्दांचं होतं. आम्ही तिला सिस्टीम म्हणायचो आणि मुख्याध्यापक जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शाळाशाळांत रुळेपर्यंत मुख्याध्यापकांना समजावून सांगायला कोणीतरी हवं होतं. साहेबांनी सरांना त्यांच्या शाळेकडून सहा महिन्यांसाठी मागून घेतलं. सहा महिने संपले तेव्हा दुसरा टप्पा आला, मग तिसरा. सरकारी सहा महिने किती लांब असतात ते ज्याने भोगलं त्यालाच कळतं.

सरांना वर्गात परत जायचं होतं. एवढंच. बढती नको, सोयीची बदली नको. फोन लावला आणि पलीकडून 'कृपया प्रतीक्षा करा' सुरू झालं, की जुन्या परिपत्रकाच्या मागच्या बाजूला ते त्रिकोण काढत बसायचे.

"ताई, मुलांना कळलं नाही तर ती निदान 'कळलं नाही' म्हणतात," ते एकदा मला म्हणाले. "मुख्याध्यापक म्हणतात, 'तुम्ही सांगितलंच नाही.'"

सरांची तक्रार खोटी नव्हती. मुख्याध्यापकांचा ग्रुप होता. त्यावर सरांनी काही टाकलं की पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागायची. वरून रोज अहवाल मागत, 'किती मुख्याध्यापकांना अवगत केले?' अंगठे मोजले की झाले अवगत. दुसऱ्या दिवशी तेच अंगठेवाले फोन करून विचारायचे, "सर, काही नवीन आहे का?" एका शाळेत तर सिस्टीमचा ओटीपी जायचा निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर, आणि ते गेलेले परदेशी, मुलाकडे. तिथे पहाट असताना इथली हजेरी भरायची वेळ व्हायची. पंधरा दिवस त्या म्हाताऱ्या माणसाने बिचाऱ्याने अंथरुणातून आकडे सांगितले. मग सर स्वतः दोन बस बदलून त्या शाळेत गेले आणि नंबर बदलून आले.

बोलून बोलून त्यांचा घसा कायमचा बसला होता. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. एकदा त्या डबा द्यायला आल्या तेव्हा माझ्याजवळ वैतागून म्हणाल्या, "दिवसभर दीडशे लोकांशी बोलतात आणि माझ्या वाट्याला येतं 'हूं'. परवा लेकीने विचारलं, बाबा, गॅस कसा बंद करायचा? तर म्हणाले, आधी डावीकडचं बटण, मग थांबा, मग मला कळवा." वहिनी हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या कामात हा माणूस बाप होता. वरून परिपत्रक यायचं बावीस पानी. संदर्भ, उपसंदर्भ, 'उपरोक्त विषयान्वये', आणि काय करायचं ते कुठेतरी चौदाव्या पानावर लपलेलं. मुख्याध्यापक बिचारे ते उघडायचे आणि मिटायचे. सर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, पेन्सिलीने खुणा करायचे आणि त्याच्या चार ओळी करायचे. काय करायचं, कुठे करायचं, कधीपर्यंत, नाही केलं तर काय. पाचवी ओळ नाही. "चारच्या पुढे मुख्याध्यापक वाचत नाही," असं त्यांचं मत. निरोप पाठवण्याआधी तो मला वाचून दाखवायचे. मला समजला म्हणजे कुणालाही समजेल, असं म्हणायचे. हे कौतुक होतं की टोमणा, ते मी कधी विचारलं नाही.

हळूहळू असं झालं, की मुख्याध्यापकांनी परिपत्रक वाचणंच सोडलं. सरांचा निरोप आला की काम करायचं, नाही आला तर परिपत्रक आलंच नाही असं समजायचं. साहेबसुद्धा मला विचारायचे, "दवंडीने काय काढलंय त्यातून?"

चौथ्या वर्षाच्या शेवटी एकदाचं पत्र आलं. सुट्टीनंतर शाळा उघडतील त्या दिवशी सरांनी आपल्या मूळ शाळेत हजर व्हायचं. पत्रावर आवकचा शिक्का मीच मारला, आणि जरा जोरातच मारला. सरांनी ते दोनदा वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. त्या दिवशी त्यांनी आठवीचं नवं पुस्तक मागवलं. अभ्यासक्रम बदललाय म्हणे, वर्तुळाचा धडा आता आधी येतो. मला तो धडा कुठेही आला तरी सारखाच, पण त्यांचा चेहरा बघून मी "हो का?" म्हटलं.

सुट्टी लागायच्या आधी एक शेवटचं मोठं परिपत्रक आलं. शिक्षक यादीचं. प्रत्येक शाळेने आपल्या शिक्षकांची यादी सिस्टीममध्ये नक्की करायची. शुक्रवारी पाच वाजता यादी कुलूपबंद. मग जिथे जागा रिकामी दिसेल तिथे सिस्टीम आपोआप दुसऱ्या शाळेतला शिक्षक पाठवणार. सव्वीस मुद्दे होते. सरांनी दुपारभर बसून त्याच्या चार ओळी केल्या. उद्यापासून शिक्षक यादी उघडेल. जे शिक्षक आज तुमच्या शाळेत प्रत्यक्ष शिकवत आहेत, फक्त त्यांचीच नावं ठेवा, बाकीची काढा. मुदत शुक्रवार, पाच वाजेपर्यंत. नंतर बदल होणार नाही.

"एक मुद्दा गाळतोय, ताई," ते म्हणाले. "सतरावा. सिस्टीमच्या कामासाठी दुसरीकडे नेमलेल्या शिक्षकाचं नाव मूळ शाळेतच ठेवावं, असं आहे. एकशे शहाऐंशी शाळांत तो एकाच शाळेला लागू होतो. घातला तर उरलेले एकशे पंच्याऐंशी फोन करतील, आमच्याकडे असं कोण आहे म्हणून."

साडेपाच वाजले होते. माझी पिशवी भरून झाली होती, पायांत चपला होत्या. मी म्हणाले, "गाळा हो. एका माणसासाठी कशाला ओळ वाढवताय?"

हे मी म्हणाले. तो एक माणूस माझ्यासमोर बसला होता आणि हे मी म्हणाले. त्यावर आज काय बोलू? जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या डोक्यातही काही नसावं.

जाता जाता एवढं सुचलं, की विचारलं, "मग तुमच्या शाळेला फोन करून सांगा ना."

"स्वतःसाठी फोन कसला करायचा?" ते म्हणाले. "मोठ्या बाईंना माहीत आहे मी कुठे आहे ते."

मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सरांना नोकरीत घेतलं तेव्हा त्या तिथे शिक्षिका होत्या, आता निवृत्तीला आठ महिने उरलेले.

शाळा उघडली त्या दिवशी सर आमच्याकडून रीतसर मोकळे होऊन तिकडे हजर व्हायला गेले. आम्ही त्यांना पेन दिलं, साहेबांनी दोन शब्द बोलायच्या नावाखाली वीस मिनिटं घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर सर आपल्या जुन्या खुर्चीत. मला वाटलं काही विसरलंय, न्यायला आलेत. ते म्हणाले, "ताई, मी अतिरिक्त झालो."

ज्या शिक्षकाला कुठल्याच शाळेत जागा उरत नाही त्याला आमच्याकडे अतिरिक्त म्हणतात.

मग त्यांनी सांगितलं, तेही तुटक तुटक. मोठ्या बाईंनी दारातच त्यांचे हात धरले. म्हणाल्या, "आठवणीने आलात, बरं वाटलं." भेटायला आलेत अशीच त्यांची समजूत. आठवीच्या वर्गात एक तरुण शिक्षिका वर्तुळ शिकवत होती. सिस्टीमने पाठवलेली. सरांनी पत्र दाखवलं तेव्हा बाईंना काही कळेचना; त्याची प्रत शाळेत पोचलीच नव्हती. त्यांनी एक वही काढली. सरांचा प्रत्येक निरोप त्यांनी छापून त्या वहीत चिकटवला होता, चार वर्षांचा, तारीखवार, आणि केलेल्या प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण. शिक्षक यादीच्या निरोपापुढेही खूण होती.

"मला फार वाईट वाटलं होतं तुमचं नाव काढताना," बाई म्हणाल्या. "पण निरोप तुमचाच. म्हटलं, सरांनी तिकडेच राहायचं ठरवलंय, तोंडाने सांगायला जड जातंय म्हणून असं कळवलं. निरोप आला त्याच दिवशी केलं मी. आपली शाळा पहिली होती, सर."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, बरोबर केलंत."

माझं डोकं फिरलं. "बरोबर? अहो, सतरावा मुद्दा दाखवायचा ना त्यांना! मोठ्या बाई झाल्या म्हणून परिपत्रक वाचायला नको?"

"चार वर्षं मी रडतोय, कुणी वाचत नाही म्हणून," सर म्हणाले. "एकशे शहाऐंशींत एकीने प्रत्येक अक्षर वाचलं. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की वाचलंत म्हणून चुकलं?"

मी त्यांना गप्प बसू दिलं नाही. अर्ज लिहायला लावला. सरांनी तो स्वतःच्या अक्षरात लिहिला. चूक माझी आहे, माझ्या निरोपात सतरावा मुद्दा मी गाळला, मुख्याध्यापिकांनी निरोपाप्रमाणेच काम केले, तरी माझी नोंद पूर्ववत व्हावी. मी जावकचा शिक्का मारला आणि रोज टपाल उघडताना आधी त्याचं उत्तर शोधत राहिले. दरम्यान साहेबांनी सरांना पाचव्या टप्प्याचं काम दिलंच होतं. "बरं झालं, तुम्ही हाताशीच आहात," असंही म्हणाले. साहेबांना मी उलट बोलत नाही, पण त्या दिवशी त्यांची फाइल मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत दाबून ठेवली.

अठ्ठावीस दिवसांनी उत्तर आलं. फोडलं मीच. दोन परिच्छेद होते. पहिल्यात लिहिलं होतं की संबंधित मुख्याध्यापिकांनी परिपत्रकाचे पालन न करता चुकीची नोंद केल्याचे लेखी मान्य केल्यास दुरुस्तीचा विचार करता येईल, मात्र त्यांच्यावर नियमानुसार चौकशी प्रस्तावित करण्यात येईल. दुसरा परिच्छेद लहान होता. अर्जदाराने उल्लेख केलेला 'निरोप' हा अधिकृत दस्तऐवज नसल्याने त्यातील चूक ग्राह्य धरता येत नाही.

मी कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी पहिला परिच्छेद एकदा वाचला आणि मान हलवली. निवृत्तीच्या तोंडावर बाईंना चौकशीत ओढायचं त्यांच्या मनातही येणार नव्हतं, हे मला न विचारता कळलं. दुसरा परिच्छेद मात्र ते वाचतच राहिले. त्यांना बोट ठेवून वाचायची सवय. बोट एका जागी थांबलं.

"ताई," ते म्हणाले, "म्हणजे चार वर्षं मी काही लिहिलंच नाही."

मला त्या कागदाचा राग आला, त्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या दिवशी साडेपाचला 'गाळा' म्हणणाऱ्या माझाच आला. एवढं तरी सांगावं म्हणून मी म्हणाले, "सर, गाळा असं मी म्हटलं होतं तुम्हाला."

"तुम्ही काय करणार," ते म्हणाले. "तुम्हाला घरी जायचं होतं." ते खरंच होतं, आणि ते बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मला फार लागलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचे मुख्याध्यापक इतक्या मोठ्याने बोलत होते की मला सगळं ऐकू येत होतं. "सर, ते पाचव्या टप्प्याचं एकतीस पानी परिपत्रक आलंय. आम्ही उघडलंसुद्धा नाही. तुमचा निरोप येईपर्यंत आम्ही कशाला हात लावत नाही. कधी पाठवताय?"

सरांनी ते उत्तर उलटं करून बाजूला ठेवलं, घसा खाकरला आणि परिपत्रक पुढे ओढलं.

"दुपारपर्यंत देतो," ते म्हणाले.